अंतरपाट कोणी सोडला

मुलुंड,
५ जानेवारी २०२५

प्रिय भीमराज,

स. न. वि. वि. जड अंतःकरणाने कळवायचं ते असं, की गेल्या रविवारी तुमच्या घरून येताना माझ्या डब्यावर जे झाकण आलं, ते माझं नाही. माझं झाकण चारकोपला राहिलं. तुझ्या लेखी ही बाब किरकोळ असेल. पण देशांच्या सीमा अशाच सरकतात. आधी एक झाकण जातं.

तुमचं झाकण माझ्या डब्यावर बसत नाही असंही नाही. बसतं. दाबलं की मान डोलावून खाली जातं आणि आपली पाठ वळली की हळूच वर येतं. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचा स्वभाव असाच असल्याने मला सवय आहे. पण काल अंधेरीच्या बसमध्ये ते बॅगेतच उघडलं, आणि मटकीच्या उसळीने 'रेणुदर्शन'च्या माहितीपुस्तिकेची नवी प्रत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली. याआधी ती कोणी वाचली नव्हती. रेणूंची चित्रं काढणारे मोठमोठे शास्त्रज्ञ आमचं सॉफ्टवेअर वापरतात, मी लिहिलेली पुस्तिका कपाटात ठेवतात, आणि फोन करून पुस्तिकेत जे आहे तेच विचारतात. उसळीने निदान काही विचारलं नाही.

हे व्हॉट्सॲपवर का नाही सांगितलं? तिथे तुझ्या नावाखाली 'टायपिंग' दिसतं, मग थांबतं, मग पुन्हा दिसतं, आणि एवढ्या प्रसूतिवेदनांनंतर जन्माला येतो एक अंगठा. ईमेल बरी. माणूस पुरतं लिहितो, वाचतो, लाजतो, खोडतो आणि मगच पाठवतो. कॉलेजात तू पत्रं बरी लिहायचास. (माझ्यासाठी नाही, वर्गातल्या इतर मुलांसाठी, इतर मुलींना. सगळी माझ्याकडे यायची तपासायला.)

झाकणाच्या प्रतीक्षेत,
ऋता

ता. क. तुमच्या झाकणावर काहीतरी कोरलंय. घासून घासून पुसलंय. 'कु. प्रि' एवढं दिसतं आणि खाली 'आजो'.


चारकोप,
८ जानेवारी

ऋता,

तक्रार मिळाली. घरच्या सभेत वाचून दाखवली. लताचं म्हणणं असं, की भांडी घासून रॅकमध्ये पालथी घातली होती, पाणी निथळायचं होतं, तेवढ्यात तू 'उशीर झाला, उशीर झाला' करत हाताला लागेल ते उचलून पळालीस. डबा तुझा, झाकण आमचं. पुढे ती म्हणाली, काही घाई नाही, सावकाश येऊ दे. तुझं झाकण आमच्याकडे सुखरूप आहे. सध्या त्याच्याखाली लसणाची चटणी आहे, मजेत आहे.

आता माझं काम. तुझ्या त्या रेणुदर्शनची एक शंका आहे. पुस्तिका वाचली नाहीये, आधीच सांगतो.

अकरावीच्या पोरांना दाखवायला एक स्क्रिप्ट केलीय. सूचना ओळीने लिहिल्यात: दोन फाइली उघड, पाणी लपव, नको तो भाग लपव, रंग दे, मग औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत नेऊन बसव, आणि सगळं झालं की चित्र दाखव. पण ते सगळं होईपर्यंत थांबतच नाही गं! मध्येच दाखवून मोकळं होतं. पापणी लवेपर्यंत औषध खोबणीच्या बाहेर, भलतीकडे तरंगताना दिसतं, आणि मग टुणकन आत. असं का? आणि हे घालवायचं कसं?

लवकर सांगशील तर बरं.

भीमराज


मुलुंड,
९ जानेवारी

प्रिय भीमराज,

अकरावीची पोरं पडद्याकडे बघतात हे ऐकून मला तुझ्या कॉलेजाविषयी आदर वाटू लागला आहे. आमच्या वेळी आपण फळ्याकडेही बघत नव्हतो.

तुझा प्रश्न सोपा आहे. सॉफ्टवेअर उतावळं असतं. एक ओळ वाचली की चित्र नव्याने काढलं, दुसरी वाचली की पुन्हा काढलं. तुझा स्वयंपाक चालू आहे आणि ते दर मिनिटाला कढईवरचं झाकण उचलून पाहुण्यांना दाखवतंय. (झाकणाचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही.) त्याला थांबवायचा उपाय आपल्या लग्नात आहे: अंतरपाट. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा-नवरीच्या मध्ये कापड धरून ठेवायचं. आत कोणी नाक पुसतंय, कोणी मुंडावळ्या सारखी करतंय, बाहेर काही दिसत नाही. सगळं संपलं की कापड बाजूला, हार, वाजंत्री.

तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'होल्ड' लिही. तो अंतरपाट धरतो. शेवटच्या ओळीत 'रिलीज' लिही. तो सोडतो. मधलं सगळं पडद्याआड होईल. हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे, खाली सूचनाही आहे: 'होल्ड लिहिलंत तर रिलीज विसरू नका.' ती सूचना मला फार आवडते. लग्नालाही लागू पडते.

झाकण कधी पाठवतोस?

ऋता


चारकोप,
१४ जानेवारी

ऋता,

वर 'होल्ड' होताच, खाली 'रिलीज'ही होता. आधीपासून. मी बघितलं नव्हतं. आता बघितलं. तरी झळक येतेच. तीळगूळ घे आणि पुढचा उपाय सांग.

आणखी एक विचारतो. समजा एखादा जाणकार माणूस समोर बसलाय, आणि त्याला ती झळक दिसली. औषध आधी बाहेर, मग आत. त्याला असं वाटू शकतं का, की चित्र करणाऱ्याने ते हाताने उचलून आत ठेवलंय? म्हणजे खोटं केलंय?

भीमराज


मुलुंड,
१५ जानेवारी

प्रिय भीमराज,

तुझ्या अकरावीत एवढा संशयी पोरगा कोण आहे? त्याला सांभाळ, पुढे तो आयकर खात्यात जाईल. पोरांना काय वाटेल याची एवढी काळजी करू नकोस रे, तासाला त्यांना फक्त भूक वाटते.

तुझ्या झळकेने मात्र माझी झोप उडवली आहे. वर होल्ड, खाली रिलीज, आणि तरी मध्ये दिसतं? हे म्हणजे दार बंद, खिडकी बंद आणि मांजर घरात. मी आमच्या सुयोगला विचारलं. हा मुलगा आमच्याकडे प्रोग्रॅम लिहितो. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "मॅडम, कॉम्प्युटर जुना असेल, नवा घ्यायला सांगा." या पिढीला सगळ्या आजारांवर एकच औषध माहीत आहे.

आपण जुन्या पद्धतीने चोर पकडू. प्रत्येक टप्प्याच्या आधी एक ओळ वाढव, मागचा रंग बदलायची. फाइली उघडताना काळा, पाणी लपवताना निळा, रंग देताना पिवळा, औषध बसवताना हिरवा, शेवटी पांढरा. मग स्क्रिप्ट चालव आणि फोनने स्लो मोशनमध्ये पडद्याचा व्हिडिओ काढ. झळक ज्या रंगावर सुरू होईल, तिथे पडदा फाटलाय.

कळव लगेच. मला खरंच जाणून घ्यायचंय. झाकण राहू दे चार दिवस.

ऋता


चारकोप,
२६ जानेवारी

ऋता,

इतके दिवस उत्तर नाही दिलं, रागावू नकोस. आधी खरं सांगतो.

अकरावीची पोरं वगैरे काही नाही. स्क्रिप्ट आमच्या प्रियंकाची आहे. तिच्या पीएच.डी.च्या कामातली. डिसेंबरात तिला संस्थेत सगळ्यांसमोर काम मांडायचं होतं, प्रबंध पुढे न्यायच्या आधीची पायरी. ही झळक तिथे मोठ्या पडद्यावर दिसली. डॉ. चंद्रप्रकाश म्हणून समितीचे ज्येष्ठ आहेत, त्यांनी तिथेच हात वर केला. म्हणाले, "औषध तिथे बसत नाही. तुम्ही बसवलंय." भरल्या हॉलमध्ये. ही उत्तर द्यायला लागली तर म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलं." बास. पुन्हा मांडा म्हणून सांगितलं, फेब्रुवारीच्या मध्यावर. तेव्हाही त्यांचं समाधान झालं नाही तर पोरीची चार वर्षं गेली. वर खोटारडी म्हणून नाव.

घरात ती यावर बोलत नाही. लॅपटॉप उघडत नाही. जेवते, 'हो' 'नाही' करते. मी तिच्या जुन्या लॅपटॉपवरून स्क्रिप्ट काढून घेतली आणि तिला न सांगता तुला लिहिलं. तू तुझ्या पत्रातून पोरांची चेष्टा करत होतीस, मला हसू यायचं, आणि मग खरं लिहायचं धाडस व्हायचं नाही.

आता तुझा प्रयोग. काळा रंग दिसलाच नाही. निळाही नाही. पहिला दिसतो तो पिवळा, आणि औषध बाहेर! मग हिरवा, तेव्हाही बाहेर, मग आत. मी व्हिडिओ पन्नास वेळा बघितला असेन. म्हणजे निळ्यापर्यंत पडदा नीट धरलेला आहे. पिवळ्याला कोणीतरी सोडतंय.

पिवळा रंग बघताना मला तुझं लग्न आठवलं. आठवतंय? घाटकोपरच्या हॉलमध्ये आम्ही सगळे मागे उभे होतो. अंतरपाटाचं एक टोक तुझ्या मावसभावाने धरलं होतं, यज्ञेशने. पहिलंच कडवं संपलं, भटजी "शुभमंगल सावधान" म्हणाले, आणि याने दिलं सोडून! वाजंत्रीवाले सुरू, आम्ही मूठभर अक्षता एकदम उधळल्या, आणि नंदकिशोर चष्मा काढून उपरण्याला पुसत उभा. तो फोटो अजून आहे ना तुमच्याकडे? त्याला समोर कोण आहे हेच दिसत नव्हतं.

आमच्या लग्नात अंतरपाट नसतो, म्हणून मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही नाही. 'सावधान' तर दर कडव्याला म्हणतात. मग कुठल्या सावधानाला सोडायचा, हे धरणाऱ्याला कसं कळतं?

भीमराज


मुलुंड,
२६ जानेवारी, जेवण अर्धं टाकून

भीमराज!

त्याला कळत नाही! तेच तर! यज्ञेशला कोणी सांगितलंच नव्हतं की हे आठ वेळा म्हणणार आहेत. त्याने 'सावधान' ऐकलं, सोडलं. आज्ञाधारक पोरगा. आमच्या घराण्यात सगळा गोंधळ आज्ञाधारक लोकांनीच घातलेला आहे.

आता ऐक. रंग द्यायच्या टप्प्यात स्क्रिप्टमध्ये रंगांच्या सूचना आहेत, की 'अमुक स्क्रिप्ट चालव' अशी एकच ओळ आहे? एकच ओळ असेल तर ती दुसरी स्क्रिप्ट उघड आणि तिची शेवटची ओळ वाच. पैज लावते, तिथे 'रिलीज' आहे. ती छोटी स्क्रिप्ट आपलं कडवं म्हणते, शेवटी 'सावधान' म्हणते, आणि आमचं सॉफ्टवेअर यज्ञेशसारखं अख्खा अंतरपाट सोडून देतं. त्याला मोजता येत नाही ना, की अजून बाहेरचं लग्न लागायचंय!

प्रियंकाविषयी तू आधी का नाही सांगितलंस, हे विचारणार होते. विचारत नाही. नंदकिशोर शेजारून म्हणतोय, तुला खरं सांगायला माणसाला दहा दिवस लागतात यात नवल काय. त्याचा फोटो मी आता दिवाणखान्यात लावणार आहे.

पण एक मला कळलं नाही. ते औषध मुळात बाहेर असतंच का?

ऋता


चारकोप,
२८ जानेवारी

ऋता,

जिंकलीस. रंगाची स्क्रिप्ट वेगळी आहे, प्रयोगशाळेतल्या एका सीनियरने केलेली. पहिली ओळ 'होल्ड', शेवटची 'रिलीज'. आत-बाहेर दोघांनीही तुझी पुस्तिका वाचली होती गं, सूचनेसकट! आतलं 'रिलीज' काढलं. झळक गेली. झकास! मी आणि लताने दहादा चालवून बघितलं. लता म्हणाली, आता कसं, थेट औषध आतच.

संध्याकाळी प्रियंकाला बसवून सगळं सांगितलं. तुझी पत्रंही दाखवली. मला वाटलं उडी मारेल. तिने शांतपणे एकदा चालवलं, मला "थँक यू बाबा" म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली. दार लावून घेतलं. अजून आतच आहे.

औषध बाहेर का असतं ते मला नीट सांगता येणार नाही. तिलाच विचार.

भीमराज


चारकोप,
३१ जानेवारी

प्रिय ऋतामावशी,

बाबांनी मला न विचारता तुला लिहिलं म्हणून आधी खूप राग आला होता. मग पत्रं वाचली आणि यज्ञेशमामाच्या गोष्टीला एकटीच हसले. खूप दिवसांनी.

तू शोधून दिलेली चूक बरोबर आहे. पण मी ती दुरुस्ती वापरणार नाहीये. चिडू नकोस, कारण सांगते.

माझ्याकडे दोन फाइली आहेत. दोन्हींत प्रथिन तेच. पहिल्यात खोबण रिकामी आहे, दुसऱ्यात खोबणीत औषध बसलेलं आहे. हे प्रयोगातूनच आलंय, मी बसवलेलं नाही. पण दोन्ही फाइलींची मोजणी वेगवेगळ्या ठिकाणापासून केलेली. एक नकाशा मुलुंडपासून मोजला आणि दुसरा चारकोपपासून, आणि दोन्ही एकावर एक ठेवले, तर आमची बिल्डिंग आरेच्या जंगलात दिसणार. म्हणून मी दुसरं अख्खं प्रथिन उचलून पहिल्यावर नेमकं जुळवते. औषध त्याच्याबरोबर आपोआप येतं. औषधाला मी बोटसुद्धा लावत नाही.

पण चित्रात गर्दी नको म्हणून दुसरं प्रथिन मी आधीच लपवलं होतं. त्यामुळे झळकेत फक्त औषध दिसलं, एकटं, उडी मारताना. वऱ्हाड लपवलं आणि नवरदेव एकटाच धावताना दिसला. सरांना वाटलं पळून आलाय.

आता तुझी दुरुस्ती करून मी गेले तर काय होईल? सर म्हणतील, मागच्या वेळी बाहेर होतं ते आता दिसतसुद्धा नाही. लपवलं. आणि मावशी, ते खरंच असेल की. त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं.

बाबा म्हणतात आपल्या लग्नात अंतरपाट नसतो, वंदना, प्रतिज्ञा, हार, सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत. मला वाटतं मीही तसंच करावं. 'होल्ड' काढूनच टाकावा. आईला वाटतं मी वेडी आहे, मिळालेला उपाय टाकून देतेय. तुला काय वाटतं?

तुझी,
प्रियंका


मुलुंड,
२ फेब्रुवारी

प्रिय प्रियंका,

तुझं पत्र वाचून मी पहिला अर्धा तास चिडले. इतक्या मेहनतीने चोर पकडावा आणि घरमालकाने म्हणावं, राहू दे, बिचारा. मग चहा केला. चहाबरोबर लक्षात आलं की मी 'कसं लपवायचं' याचं उत्तर शोधत होते, आणि कोणी 'लपवायचं का' हे विचारलंच नव्हतं. तुझ्या बाबांनी नाही, मी नाही, आणि सुयोगने तर नाहीच, तो अजून नवा कॉम्प्युटर विकतोय.

तुझं बरोबर आहे. पण 'होल्ड' सरसकट काढू नकोस. काढलास तर अर्धवट रंगलेलं प्रथिन, अर्धवट लपलेलं पाणी, सगळ्याच्या झळका येतील आणि त्या सरांना हात वर करायला निमित्त मिळेल. ते उत्साही दिसतात.

आमच्या मंगलाष्टकांत एक गोष्ट यज्ञेशला कळली नाही, पण लोकांना कळते. दर सावधानाला अक्षता पडतात. एकदाच शेवटी नाही. कडवं संपलं की थोड्या, पुढचं संपलं की थोड्या. तू तसं कर. प्रत्येक टप्प्याला आपला होल्ड, आपला रिलीज, आणि रिलीजनंतर थांबा. कळ दाबल्याशिवाय पुढे नाही. पहिला टप्पा: रिकाम्या खोबणीचं प्रथिन. दुसरा: दुसरं प्रथिन, औषध पोटात घेऊन, लांब उभं. हे लपवू नकोस. वऱ्हाड दिसू दे. तिसरा: अख्खं सरकतंय. चौथा: दोन्ही जुळली. पाचवा: आता दुसरं लपवते, असं तोंडाने सांगून लपव. दाखवायचं ते पुरतं दाखव, आणि तुझ्या वेळेला दाखव. त्यांच्या पापणीच्या वेळेला नाही.

तुझ्या आईला सांग, उपाय टाकून दिलेला नाही. त्याचे तुकडे करून वाढलाय.

तुझी,
ऋतामावशी


चारकोप,
१७ फेब्रुवारी

ऋता,

झालं. सगळ्यात मागच्या रांगेत बसून बघितलं, पालकांना परवानगी नसेल म्हणून कोणाकडे बघितलं नाही.

सुरुवातीलाच ती म्हणाली, "मागच्या वेळी पडद्यावर एक झळक दिसली होती. आज मी तीच सावकाश दाखवणार आहे." हॉलमध्ये खुसफूस. चंद्रप्रकाश सर पुढे सरकून बसले. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. तिसऱ्याला अख्खं प्रथिन सरकायला लागलं तसा त्यांचा हात वर.

"थांबा. मागे जा."

ती दुसऱ्या टप्प्यावर गेली.

"म्हणजे औषध आधीपासूनच याच्या खोबणीत होतं?"

"हो सर."

"मग मी पाहिलं ते काय होतं?"

"तुम्ही पाहिलंत ते खरं होतं सर. फक्त अर्धं होतं."

"अर्धं का दाखवलंत?"

"दाखवलं नाही सर. दिसलं."

मला वाटलं, गेलं सगळं, बापावर गेलीय जिभेने. (खरं तर तुझ्यावर. तुझी पत्रं वाचायला द्यायला नको होती.) सर मग म्हणाले, सरकवण्याआधी आणि सरकवल्यानंतर औषध ते प्रथिन अंतर मोजून दाखवा. मोजलं. तेच. मग म्हणाले, आता माझ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा केलं. तेच. त्यांनी मान डोलावली, सही केली. माफी वगैरे काही नाही. पण सगळे उठल्यावर तिच्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "ती स्क्रिप्ट मला मिळेल का? माझ्याही चित्रांत मध्येच काहीतरी चमकतं." यार, मी हसू दाबायला खाली वाकून चप्पल शोधत राहिलो.

बाहेर आल्यावर तिने भिंतीला टेकून डबा उघडला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. डब्याला झाकणाऐवजी कागद आणि वरून रबर लावलेलं होतं. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती वर्षाची झाली तेव्हा नाव घालून दिलेला डबा. आरे डेअरीत नोकरीला होते तेव्हा. दहावीपासून प्रत्येक परीक्षेला तोच नेते ती. मी म्हटलं दुसरा घ्यायचा की. तर म्हणाली, झाकण नाही तर नाही, डबा तोच.

लताला हे तुला सांगायचं नव्हतं. म्हणाली, त्या लाजतील. मी सांगितलं नाही असं समज. रविवारी जेवायला या दोघं. पोरीने बोलावलंय.

भीमराज


मुलुंड,
२४ फेब्रुवारी

लतावहिनी,

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. कालचं जेवण फार छान झालं. नंदकिशोर अजून तुमच्या वांग्याविषयी बोलतोय. माझ्या स्वयंपाकाविषयी तो बोलत नाही, सहन करतो.

पुस्तिकेत एक पान वाढवलंय: 'टप्प्याटप्प्याने कसं दाखवावं.' सुयोग सॉफ्टवेअरला मोजायला शिकवतोय, जितके होल्ड तितके रिलीज झाल्याशिवाय पडदा सोडायचा नाही. त्याला वाटतं कल्पना त्याचीच आहे. मी काही बोलले नाही. हल्ली मला थोडं थोडं जमतं.

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात थांबले होते, आठवतंय? तुम्ही म्हणालात, ताई बसा बाहेर. मी म्हटलं, पुसते. शेवटची वाटी पुसून होईपर्यंत निघाले नाही. तुम्ही सुपारी द्यायला बाहेर गेलात, तेव्हा खालच्या फळीवरच्या प्रियंकाच्या डब्याचा कागद आणि रबर काढलं आणि माझ्या पिशवीतलं झाकण त्यावर बसवलं. एका बोटाने दाबलं. बसलं, आणि वर आलं नाही. मुलुंडच्या नाक्यावर एक माणूस भांड्यांवर नावं घालतो, त्याच्याकडून पुसलेलं पुन्हा कोरून घेतलंय. बापूंचं अक्षर होतं तसंच ठेवायला सांगितलं, नवीन काही घातलं नाही.

माझं झाकण राहू दे. चटणी मजेत आहे.

ऋता